मृतांचे अलंकार : नाईलच्या काठापासून माहूरझरीच्या शिलावर्तुळांपर्यंत

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मृतांच्या अलंकारांविषयी लिहिणे काही वाचकांस विपरीत वाटेल. परंतु ‘सुवर्ण’ हा शब्द ज्या धातूवरून आला, त्या धातूची सर्वांत जुनी कहाणी जिवंतांच्या घरांतून नव्हे, तर मृतांच्या समाधींतून आपल्यापर्यंत पोचली आहे. जिवंत माणसे दागिने मोडतात, आटवतात, गहाण टाकतात, लेकीसुनांना वाटून देतात. त्यामुळे घरातील दागिना चार-पाच पिढ्यांपलीकडे क्वचितच टिकतो. मृताबरोबर जमिनीत गेलेला दागिना मात्र तीन तीन हजार वर्षे जसाच्या तसा राहतो. म्हणूनच प्राचीन अलंकारांचा अभ्यासक प्रथम समाधीकडे वळतो. आपणही या लेखात तोच मार्ग धरू. आरंभ दूरदेशी करू आणि हळूहळू आपल्या अंगणाकडे येऊ. कारण हे अंगण रायपूरपासून फारसे लांब नाही.

अलंकारांसह केलेल्या दफनाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे इजिप्तचा तरुण राजा तुतनखामुन. इसवी सनापूर्वी 1323 च्या सुमारास, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तो मरण पावला. नोव्हेंबर 1922 मध्ये हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला ‘राजांच्या खोऱ्यात’ त्याची समाधी सापडली. एकात एक अशा तीन शवपेट्यांपैकी सर्वांत आतली पेटी सुमारे 110 किलो वजनाच्या भरीव सोन्याची होती. चेहऱ्यावरचा मुखवटा दहा किलोंहून अधिक वजनाचा होता. 1925 मध्ये शवावरील वस्त्रांच्या घड्या उलगडल्या, तेव्हा त्या घड्यांत 143 वस्तू मिळाल्या. त्यांत कंठे होते, कंकणे होती, अंगठ्या होत्या आणि ताइतही होते. राजाच्या हातापायांच्या बोटांवरदेखील सोन्याची टोपणे चढवलेली होती.

हा केवळ वैभवाचा देखावा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. तसे ते नव्हते. देखाव्यासाठी पाहणारा लागतो, आणि हे दागिने पुन्हा कोणी पाहू नयेत अशाच बेताने ठेवले होते. इजिप्शियनांच्या दृष्टीने प्रत्येक अलंकाराला नेमून दिलेले काम होते. सोने गंजत नाही, काळवंडत नाही. म्हणून ते देवांचे मांस मानले जाई, तर चांदी ही देवांची हाडे. मृत राजाला सोन्याने मढवणे म्हणजे त्याचा नाशवंत देह बदलून त्याला देवांचा अविनाशी देह देणे. निळा लाजवर्द हा रात्रीच्या आकाशाचा आणि देवांच्या केशकलापाचा रंग. तो खडा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून हजारो कोसांचा प्रवास करून नाईलकाठी येई. सिनाईच्या डोंगरांतला पिरोजा नवजीवनाचा, तर तांबडा कार्नेलियन रक्ताचा आणि प्राणशक्तीचा मानीत. राजाच्या कपाळावरील गिधाड आणि नाग या दोन देवता वरच्या व खालच्या इजिप्तच्या. त्या मुखवट्यावरही कोरलेल्या आहेत, कारण मृत्यूनंतरही तो दोन्ही देशांचा स्वामीच राहावयाचा होता.

त्यांतही भुंग्याच्या आकाराचा ताईत फार महत्त्वाचा होता. शेणाची गोळी ढकलीत नेणारा भुंगा त्यांना उगवत्या सूर्याला क्षितिजावर ढकलणाऱ्या देवासारखा भासला, आणि तो पुनर्जन्माचे चिन्ह ठरला. मृताच्या छातीवर मोठा ‘हृदय-भुंगा’ ठेवीत व त्यावर एक मंत्र कोरीत. परलोकी न्यायनिवाड्याच्या वेळी मृताचे हृदय तराजूत तोलले जाणार; त्या क्षणी स्वतःच्याच हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी त्या मंत्रात असे. एवढ्या बलाढ्य राजालाही अखेरीस भीती होती ती शत्रूची नव्हे, तर आपल्याच अंतःकरणाची!

हे सर्व आपल्याला अगदी परके वाटू नये. कोल्हापुरी साज ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना त्याच्या पानड्यांत मासा, कासव, शंख, बेलपान आणि भुंगासुद्धा आढळला असेल. नाईलकाठच्या भुंग्याचा आणि पंचगंगाकाठच्या भुंग्याचा काही संबंध आहे, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. शोभेच्या वस्तूकडे रक्षणाचे काम सोपवण्याची वृत्ती मात्र दोन्हीकडे एकच आहे. बाळाच्या मनगटातील काळे मणी आणि दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला ताईत याच वृत्तीतून आले.

पण इतकी काळजी घेऊनही हे अलंकार सुरक्षित राहिले काय? बहुतेक नाहीत. नववा रामेसेस या राजाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी 1110 च्या सुमारास, समाधी फोडणाऱ्या चोरांचे जबाब पपायरसवर लिहून ठेवले गेले आणि ते आजही उपलब्ध आहेत. चोरांचा म्होरक्या पाथरवट होता. सोबेकेमसाफ राजाच्या आणि त्याच्या राणीच्या अंगावरील सोने आपण उतरवले, शवपेट्या पेटवून दिल्या आणि सोन्याचे आठ वाटे केले, अशी कबुली त्याने दिली आहे. पुढे पुजाऱ्यांनी अनेक राजांची शवे रातोरात हलवून एका गुप्त विवरात ठेवली. ती 1881 साली प्रकाशात आली. तुतनखामुनच्या समाधीतही प्राचीन काळीच चोर शिरले होते. गडबडीत मागे राहिलेले, अंगठ्या गुंडाळून गाठ मारलेले एक फडके कार्टरला तेथे मिळाले. ज्या सोन्याने राजाला अमर करावयाचे, त्याच सोन्यापायी त्याची समाधी फुटावी, हा या कहाणीतला मोठा विरोधाभास होय.

आता आपण आपल्या मुलखाकडे वळू. आपल्याकडे दहन ही रीत सर्वदूर असल्यामुळे, पूर्वीही असेच असेल असा आपला समज असतो. उत्खननांनी तो समज दूर केला आहे. शिरूरजवळ घोड नदीकाठी असलेल्या इनामगावी 1968 पासून 1982 पर्यंत डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी आपल्या मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरीत. लहान बालकांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून त्यांत निजवीत. मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून भलतीकडे जाऊ नये, असा त्यामागचा हेतू असावा, असे अभ्यासक मानतात. प्रवराकाठच्या नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांना ओवलेल्या धाग्याचा अंशही टिकून होता. तेथे सोने नव्हते, लाजवर्दही नव्हता. परंतु कोणा आईने आपल्या लेकराला गळ्यातल्या माळेसह निरोप दिला, एवढे त्या धाग्याने तीन हजार वर्षांनंतर सांगितले. राजाच्या दहा किलोंच्या मुखवट्याने तरी याहून अधिक काय सांगितले?

यानंतरचा टप्पा विदर्भातला, आणि आम्हां छत्तीसगडवासी मराठी मंडळींच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा. नागपूरच्या परिसरात मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली शेकडो शिलावर्तुळे आहेत. एकट्या जुनापाणी येथेच ती सुमारे 300 आहेत. इंग्रजी अमदानीत त्यांच्याकडे प्रथम लक्ष गेले. नागपूरचे मिशनरी व भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप हे सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतत असता बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेच नाव चालवते. पुढे 1867 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उघडली. खरे शास्त्रशुद्ध काम मात्र स्वातंत्र्यानंतर झाले. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी 1968-69 मध्ये टाकळघाट-खापा येथे आणि 1970 ते 1972 या काळात माहूरझरी येथे उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील एक संपूर्ण समाज उजेडात आला.

माहूरझरीच्या वर्तुळांत माणसांच्या अस्थींबरोबर काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारे, तांब्याच्या मुठीचे खंजीर, तांब्याची कंकणे, कार्नेलियन व अकीकाचे मणी आणि थोडे सोन्याचे अलंकार निघाले. परंतु पाहणारा थबकतो तो घोड्यांपाशी. धन्याबरोबर घोडाही पुरलेला आहे आणि त्याच्या मुखावर तांब्याच्या पत्र्याचा अलंकार आहे; तोंडात लोखंडी लगाम आहे. काही घोड्यांच्या हाडांवर हत्याराच्या खुणा आढळल्या, त्यावरून त्यांचा बळी दिला असावा असे दिसते. तुतनखामुनच्या समाधीत सहा रथ होते, घोड्यांचे सोनेरी साजही होते. पण घोडा एकही नव्हता. इजिप्तच्या राजाबरोबर घोड्याचा साज गेला, विदर्भातल्या वीराबरोबर साजासह घोडाच गेला. ज्या मुलखात आजही पोळ्याला बैलाच्या कपाळी बाशिंग बांधतात, शिंगे रंगवतात, झूल घालतात, त्या मुलखातल्या वाचकाला जनावराच्या चेहऱ्यावर चढवलेल्या त्या तांब्याच्या पत्र्यामागचा जिव्हाळा समजावून सांगावयास नको. घोड्याचा बळी देणारे आणि त्याला सजवणारे हात एकच होते, हे मात्र विसरता येत नाही.

येथे धातूंचीही एक गंमत आहे. तुतनखामुनच्या अंगावर सोन्याच्या खंजिराबरोबर एक लोखंडी खंजीरही होता. तो आकाशातून पडलेल्या उल्केच्या लोखंडाचा आहे, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणाने सिद्ध केले. लोखंड त्या राजाला सोन्यापेक्षाही दुर्मिळ होते. विदर्भातल्या लोकांनी मात्र लोखंड स्वतः गाळले. नायकुंड येथे त्यांची भट्टीच सापडली आहे. त्यांच्या मृतांजवळ कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले विपुल आहेत आणि सोने अल्प. मृताबरोबर काय ठेवावयाचे, हे नुसत्या किमतीवर ठरत नाही. हयातीत माणसाची ओळख ज्या वस्तूने होत असे, तीच त्याच्या शेजारी ठेवली जाते. म्हणून या समाध्यांना ‘राजांच्या’ म्हणण्यापेक्षा गणप्रमुखांच्या व वीरांच्या म्हणणे योग्य ठरेल. त्यांचे नाव, गोत्र, भाषा यांपैकी काहीच उरले नाही. उरले ते दगडांचे कडे, आणि आतले लोखंड, तांबे व मणी.

मण्यांची गोष्ट निघाली की एका मराठी संशोधकाचे नाव घेणे क्रमप्राप्त आहे. डॉ. मो. गं. दीक्षित यांचा भारतातील नक्षीदार मण्यांवरील ग्रंथ 1949 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तांबड्या कार्नेलियनवर क्षाराच्या लेपाने रेघा काढावयाच्या आणि मणी तापवावयाचा, म्हणजे पांढरी नक्षी दगडात कायमची मुरते. सिंधू संस्कृतीपासून चालत आलेली ही विद्या विदर्भातील कारागिरांनाही ठाऊक होती. हेच दीक्षित 1950 नंतरच्या दशकात आपल्या रायपूरजवळ आले आणि त्यांनी महानदीकाठच्या सिरपूरचे बौद्ध विहार उत्खननाने उघड केले. त्यांनीच 1956-57 मध्ये दुर्गकडील धनोरा येथील महापाषाणांचीही पाहणी व उत्खनन केले. बालोदहून धमतरीकडे जाणाऱ्या वाटेवरील करकाभाट येथेही अशाच समाध्यांचे विस्तीर्ण क्षेत्र आहे आणि तेथे पुढे अरुणकुमार शर्मा यांनी काम केले. सोरर, मजगहन, चिरचारी ही गावेही याच मालिकेतली.

याचा अर्थ वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. नागपूर आणि छत्तीसगड यांचा संबंध केवळ भोसल्यांच्या स्वारीपासूनचा नाही, किंवा लोहमार्गावरून आलेल्या कारकून-शिक्षकांपासूनचाही नाही. एकाच रीतीने आपल्या मृतांभोवती दगड मांडणारी माणसे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी या दोन्ही प्रदेशांत नांदत होती. बस्तरमधील माडिया समाजाने तर मृतांच्या स्मरणार्थ दगड व कोरीव खांब उभारण्याची परंपरा आपल्या काळापर्यंत चालवली. डिलमिली आणि गामावाडा येथील स्मृतिस्तंभ त्याची साक्ष देतात.

मग आपल्या परंपरेत मृतांचे अलंकार कोठे गेले? दहनाची रीत रुळली आणि दागिना देहापासून वेगळा झाला. आज आपण मृताच्या अंगावरील दागिने उतरवून घेतो. मुखात तुळशीपत्र आणि सोन्याचा एक कण ठेवतो. इजिप्तच्या 110 किलोंच्या पेटीतले तत्त्वच जणू त्या कणात सामावले आहे. अलंकाराने आणखी एक जागा शोधली, ती दगडावर. महाराष्ट्रात आणि छत्तीसगडातही सतीशिळा आढळतात. त्यांवर कोपरात वाकवलेला एक हात असतो, आणि त्या हातात ठसठशीत बांगड्या. ती प्रथा क्रूर होती, हे निःसंशय. त्या स्त्रीचे नाव बहुधा कोरलेले नसते. तिची ओळख म्हणून बांगड्या तेवढ्या राहिल्या. बाकीचे सर्व अलंकार मात्र मागे राहिलेल्यांकडे आले. आजीच्या पाटल्या नातीच्या हाती, सासूची ठुशी सुनेच्या गळ्यात, हा आपला मार्ग. इजिप्तने स्मृती जपण्यासाठी दागिना मृताजवळ ठेवला; आपण तो जिवंतांच्या अंगावर ठेवला.

परंतु या मार्गालाही चोर आहेत, आणि ते नेहमी रात्रीच येतात असे नाही. ज्या नागपूर राज्यात आपले रायपूर होते, त्याचे अधिपती तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निवर्तले. पुत्र नाही या सबबीवर डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीवर मातीमोलाने विकले गेले आणि घराण्याचे जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. वृद्ध बाकाबाईसाहेबांनी सामान हलवल्यास वाडा पेटवून देऊ, असे बजावले. तरीही सामान हलवले गेले. 1857 च्या उठावाचा इतिहास लिहिणारा के हा इंग्रज लेखक सांगतो की, राज्य जाण्यापेक्षा या विक्रीनेच लोकांची मने अधिक दुखावली, असे त्याच्या कानी आले होते. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. राज्य हे कागदावर असते. दागिना कोणाच्या तरी गळ्यातला असतो. कलकत्त्याच्या बाजारात त्याचे वजन झाले, पाणी पारखले गेले. पण तो कोणत्या राणीने कोणत्या सणाला घातला होता, हे कोणी विचारले नाही. दागिना शिल्लक राहिला असेल, परंतु त्याची कहाणी तेथे संपली.

पुराणवस्तुशास्त्राचाही पहिला धडा हाच आहे. जुना मणी बाजारात मिळाला तर तो केवळ एक मणी. तोच वर्तुळात, अस्थींजवळ, घोड्याशेजारी सापडला तर ते इतिहासाचे पान. म्हणून आज नागपूरच्या वाढत्या वस्तीत आणि खडी फोडणाऱ्या खाणींत शिलावर्तुळे नाहीशी होत असता, दगडांबरोबर नेमके काय नाहीसे होत आहे, हे समजणारी माणसे हवीत. उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला जाताना मुलांना एकदा जुनापाणीला न्यावे. रायपुरात तर 1875 मध्ये स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे.

आणि घरच्या पेटीचे काय? मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांतून बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, गोठ, वाकी ही नावे हळूहळू विसरली जात आहेत. शेजारच्या छत्तीसगडी बाईच्या गळ्यातली ‘पुतरी’ पाहून आपल्या पुतळ्यांची आठवण यावी, इतपत तरी ओळख उरली आहे. पुढच्या पिढीत ती उरेलच असे नाही. दागिना जुना झाला म्हणून मोडावा लागतो, लग्नकार्यासाठी आटवावा लागतो. त्यात गैर काही नाही. पण सोनाराकडे नेण्यापूर्वी तो घडवला कोणी, कोणत्या गावी, कोणाच्या लग्नात, आणि त्या वेळी घरात काय चालले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत उतरवून ठेवावे. त्याचे मराठी नाव लिहावे, आणि मिळाल्यास घालणारीचे छायाचित्र चिकटवावे. नेवाशाच्या त्या बालकाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्या आजीचे नाव मात्र आज आपल्याला ठाऊक आहे. ते लिहून ठेवण्यास एका संध्याकाळचा वेळ पुरेल.